नवं नोटेशन घेताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे. पहिलं पुस्तक संपलं, आता पुढे काय वाजवायचं, काय गायचं? बरेच जण गाण्याचं नाव बघून नोटेशन घेतात आणि घरी पेटीसमोर बसल्यावर अडतात. दुकानात उभ्या उभ्या पान वाचून काय तपासता येतं, यावर या वेळी भर दिला आहे.

प्रश्न: मी दोन वर्षं एकाच पुस्तकावरून पेटी शिकलो. आता नवं पुस्तक आणलं. स्वरांच्या डोक्यावर ठिपके होते म्हणून वरच्या सप्तकात वाजवलं, तर सर म्हणाले, हे खालचं आहे. पुस्तकात चूक आहे का? – एक वाचक, सातारा

पुस्तक बरोबर आहे, त्याची लिपी वेगळी आहे. आपल्याकडे दोन स्वरलिपी चालतात: एक पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची आणि दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची. काही खुणा दोन्हींत दिसतात, पण अर्थ वेगळे, आणि घोटाळा तिथेच होतो.

भातखंडे लिपीत डोक्यावरचा ठिपका म्हणजे तार, म्हणजे वरचं सप्तक आणि पायाशी असलेला ठिपका म्हणजे मंद्र, म्हणजे खालचं. पलुस्कर लिपीत डोक्यावरचा ठिपका म्हणजेच मंद्र. तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ असते. तीच उभी रेघ भातखंडे लिपीत मध्यमावर आली की तो तीव्र म. कोमल स्वराखाली भातखंडे आडवी रेघ देतात, तर पलुस्कर लिपीत त्या अक्षराचा पाय मोडलेला असतो, हलन्तासारखा. तालाचंही तसंच. भातखंडे लिपीत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) × आणि कालावर (टाळी न देण्याच्या जागेवर) शून्य. पलुस्कर लिपीत समेला १ हा आकडा आणि कालाला +. स्वराखाली शून्य दिसलं तर पलुस्कर लिपीत ती अर्धी मात्रा असते. भातखंडे लिपीत एका मात्रेत बसणारे स्वर खालून चंद्रकोरीसारख्या कंसाने बांधलेले असतात. पलुस्कर लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रेची वेगळी खूण असते. त्यामुळे पलुस्कर लिपीचं पान लांबूनच भरगच्च दिसतं.

चिन्हांचा खुलासा पुस्तकाच्या सुरुवातीला असतो. पण जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकाची नेमकी तीच पानं गेलेली असतात. अशा वेळी यमन रागाचं पान उघडा. यमनमध्ये प्रत्येक म तीव्र, म्हणजे तिथे म वर जी खूण असेल ती त्या पुस्तकाची तीव्राची खूण. मग भैरव काढा: रे आणि ध यांना जी खूण असेल ती कोमलची. सप्तकाची खूण ओळखायला ठिपकेवाला नि शोधा. ठिपकेवाल्या ध–नि नंतर बिनठिपक्याचा सा आला, तर ते मंद्रातून वर येणं आहे. बिनठिपक्याच्या ध–नि नंतर ठिपकेवाला सा आला, तर तो तार सा. या तीन जागा सापडल्या की बाकीचं पुस्तक वाचता येतं.

भातखंडे लिपीतलं एक चिन्ह नवशिक्यांकडून हमखास सुटतं. कंसातला स्वर, उदाहरणार्थ (प), हा नुसता प नाही. तो ध प म प असा चार स्वरांचा झटपट घोळ आहे, वरचा स्वर, स्वतः, खालचा स्वर, पुन्हा स्वतः. तो सरळ प म्हणून वाजवला तर बंदिश बेचव लागते आणि दोष पुस्तकाला जातो.

चित्रपटगीतांच्या आणि भावगीतांच्या पुस्तकांत मात्र कुठलीच एक लिपी पाळलेली नसते. रोमन अक्षरांत लिहिलेल्या नोटेशनमध्ये लहान अक्षर म्हणजे कोमल आणि मोठं म्हणजे शुद्ध, इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. म वर मात्र दोन तट पडतात. काही जण लहान एम शुद्ध मध्यमासाठी वापरतात, काही जण तीव्रासाठी. खात्री करायला यमनच्या अंगाचं, ओळखीचं एखादं गाणं त्याच पुस्तकात बघा.

प्रश्न: आमच्या भजनी मंडळात चौदा जणी आहोत, चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या. नवीन अभंगाचं नोटेशन आणलं की अंतऱ्यात निम्म्या जणी गप्प होतात. पट्टी उतरवली तर धृपद ऐकूच येत नाही. अभंग निवडताना काय बघावं? – एक वाचक भगिनी, डोंबिवली

अभंगाचा पल्ला आणि मंडळाचा पल्ला, दोन्ही आधी मोजा. पट्टीचा विचार त्यानंतर.

मंडळाचा पल्ला असा काढा. सराव होऊन आवाज मोकळा झाला की पेटीवर एकेक स्वर खाली उतरत जा आणि सगळ्यांना ‘आ’कारात गायला सांगा. ज्या पट्टीवर आवाजात नुसती हवा यायला लागते, तिच्या वरची पट्टी ही तुमची खालची हद्द. मग तसंच वर चढा. गळा आवळला, मान वर गेली की एक पट्टी मागे या. ती वरची हद्द. मोजमाप सगळ्यांचं मिळून धरा. सर्वांत चांगल्या गळ्यावरून ठरवलं तर अंतऱ्यात पुन्हा तेच होणार. पेटी स्केलचेंजरची, म्हणजे पट्ट्या सरकवता येणारी असेल तर आधी ती मूळ जागी आणून ठेवा, नाहीतर पट्ट्यांची नावं चुकतील.

समजा, हद्द आली पांढरी ३ (म्हणजे सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी) पासून पुढच्या सप्तकातल्या पांढरी ७ पर्यंत. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून हे अंतर एकोणीस पट्ट्यांचं. आता नोटेशन घ्या आणि त्यातला सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर पेन्सिलीने गोल करा. एखाद्या अभंगात खाली मंद्र ध आणि वर तार म आहे, तर अंतर वीस पट्ट्यांचं. म्हणजे पट्टी कोणतीही घेतली तरी एक स्वर कुठेतरी बाहेर राहणारच. काळी ३ घेतली तर तार म बरोबर पांढरी ७ वर बसतो, पण मंद्र ध काळी २ वर जातो आणि तो तुमच्या हद्दीखाली आहे. हाच अभंग वर तार ग पर्यंतच जाणारा असता तर अंतर एकोणीस झालं असतं आणि पांढरी ५ पट्टीत तो पूर्ण बसला असता. घ्यावा की नाही हे अशा एका स्वरावर ठरतं, म्हणून मोजणी नेमकी करा.

गोल केलेला स्वर पानावर कसा आला आहे तेही बघा. कणस्वर, म्हणजे नुसता स्पर्शाचा स्वर, म्हणून बारीक अक्षरात असेल तर तो सोडून दिला तरी चालतो. त्याच्यापुढे दोन-तीन आडव्या रेघा असतील, म्हणजे तिथे थांबायचं असेल, तर तो पूर्ण मोजायचा. तार म सबंध अभंगात एकदाच येत असेल तर ती ओळ मुख्य गाणाऱ्या ताईंनी एकटीने म्हणावी आणि बाकीच्यांनी पुढच्या ओळीवर उचलावं. भजनात हे शोभतंही.

याच्या उलटही घडतं. काही चाली मंद्र प ते मध्य ध एवढ्यातच फिरतात. त्या नेहमीच्या पट्टीत पुटपुटल्यासारख्या वाटतात. तिथे मध्यमाला सा माना: पांढरी ५ ऐवजी वरची पांढरी १. मग खालचा प पांढरी ५ वर आणि वरचा ध पांढरी ६ वर येतो, दोन्ही तुमच्या हद्दीत. धृपद ऐकू येत नाही ही तुमची तक्रार बहुधा अशाच चालीची आहे.

पुरुष आणि स्त्रिया एकत्र गाणार असतील तर निवड आणखी आवळा. पुरुषांचा सा साधारण काळी १–२ ला, स्त्रियांचा काळी ४–५ ला. सामायिक जागा थोडीच उरते. एका सप्तकात, फार तर त्यावर एक-दोन स्वरांत संपणारी चाल घ्यावी.

प्रश्न: मध्यमा पूर्ण या परीक्षेच्या तयारीसाठी एकेका रागात पुस्तकात चार-पाच बंदिशी सापडतात. कोणती बसवावी? – एक विद्यार्थिनी, नाशिक

शक्य असेल तिथे गुरुजींनी गळ्यावर दिलेली बंदिश आधी. नोटेशनमध्ये लय, लगाव, स्वरांचं आंदोलन पूर्ण येत नाही. छापलेल्या बंदिशीवर लय फार तर ‘त्रिताल, मध्यलय’ एवढीच लिहिलेली असते. पण निवड तुमच्यावर असेल तर मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, कुठून उठतो हे सर्वांत आधी बघा.

त्रितालात नवव्या मात्रेपासून, म्हणजे कालावरून उठणारा मुखडा तानांसाठी सोपा. समेपासून आठ मात्रांची तान घेतली की थेट मुखड्यावर येता. दुगुणीत ते सोळा स्वर होतात आणि सहज पाठ बसतात. मुखडा सातव्या मात्रेवरून उठत असेल तर तीच आठ मात्रांची तान पंधराव्या मात्रेवर सुरू करावी लागते: पंधरा, सोळा, मग एक ते सहा. बाराव्या मात्रेवरून उठणाऱ्या मुखड्याला तान चौथ्या मात्रेपासून धरायची. या बंदिशी फार देखण्या असतात. पण परीक्षेत तबला समोर असताना हिशोब डोक्यात नको असेल तर परीक्षेपुरती कालावरून उठणारी घ्या आणि दुसरी सवडीने बसवा.

मग समेवर काय येतं ते बघा. समेचा स्वर रागाचा वादी (मुख्य) किंवा न्यासाचा (थांबण्याचा) असेल आणि त्यावर शब्दाचं ठळक अक्षर असेल, तर राग पहिल्याच आवर्तनात उभा राहतो. समेवर ऽ असेल, म्हणजे आधीच्या अक्षराचा स्वर नुसता लांबलेला असेल, तर सम दाखवायला जास्त तयारी लागते.

शब्दांबाबत एक काम आवर्जून करा. बंदिश छापताना शब्द मात्रांप्रमाणे तुटतात आणि दोन शब्दांची अक्षरं एकाला एक चिकटतात. म्हणून अस्ताई (बंदिशीचा पहिला भाग) आणि अंतरा (दुसरा भाग) स्वरांशिवाय, कवितेसारखा वहीत लिहून काढा. ओळीचा अर्थ लागला नाही तर तोडणी चुकली आहे किंवा छपाईची चूक आहे. व्रज भाषेतल्या शब्दांत हे फार होतं, आणि चुकीची तोडणी एकदा गळ्यात बसली की निघत नाही. तार सा वर दीर्घ ‘ई’ आली असेल आणि तुमचा आवाज तिथे चिरकत असेल, तर त्याच जागी ‘आ’ किंवा ‘ओ’ असलेली दुसरी बंदिश निवडण्यात काहीच कमीपणा नाही.

सुटी पुस्तकं घेण्यापेक्षा भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा दुसरा भाग जवळ असू द्या. एकूण सहा भाग आहेत. या दुसऱ्यात यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी हे दहा थाटांचे (रागांच्या मूळ गटांचे) राग आहेत आणि एकाच रागातल्या बंदिशी शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. पाचवा-सहावा भाग अप्रचलित रागांसाठी, त्याची आता गरज नाही.

प्रश्न: बासरी शिकतो आहे. पेटीच्या पुस्तकातलं कोणतंही गाणं बासरीवर वाजवता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. सहा छिद्रांच्या बासरीवर सगळी छिद्रं बंद केली की मंद्र प वाजतो. त्याखाली स्वर नाही. (सातवं छिद्र असेल तर तीव्र म मिळतो.) म्हणून नोटेशनमध्ये मंद्र म किंवा त्याखालचा स्वर दिसला की ते गाणं तुमच्यासाठी नाही. तेवढा एक स्वर वरच्या सप्तकात उचलून वाजवला तर वाक्य मधेच तुटतं.

दुसरी अडचण अर्ध्या छिद्रांची. तीन छिद्रं बंद करून सा धरला की सा, रे, ग, तीव्र म, प, ध, नि हे पूर्ण छिद्रांवर येतात. शुद्ध म आणि सगळे कोमल स्वर अर्ध्या छिद्रांवर. म्हणजे यमन आणि भूप यांत एकही अर्धं छिद्र नाही. मालकंसात सा सोडून चारही स्वर अर्ध्या छिद्रांवर, शिवाय तिथे मंद्र म हवाच असतो. त्यावर उपाय म्हणून मध्यमाला सा मानलं तर मंद्र म मिळतो, पण मग पाचही स्वर अर्ध्या छिद्रांवर जातात. पहिल्या वर्षी यमन-भूपातल्या चाली घ्या, मग एकच शुद्ध म असलेल्या.

प्रश्न: चर्चच्या गायनमंडळात सोळा जण आहोत, टेनर (पुरुषांतले उंच आवाज) दोघेच. चार भागांची नवीन रचना घेतली की टेनर ऐकू येत नाही. – एक वाचक, वसई

चार भागांऐवजी तीन भागांची, म्हणजे सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज), ऑल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) आणि पुरुषांची एकच ओळ असलेली मांडणी मागा. मुखपृष्ठावर एसएबी असं लिहिलेलं असतं. एकच रचना बहुधा चार, तीन आणि दोन भागांत वेगवेगळी छापलेली मिळते, म्हणून नावाबरोबर भागांची मांडणी सांगितल्याशिवाय मागवू नका. पुरुषांच्या ओळीत वरचे स्वर किती वेळ धरायचे आहेत ते मात्र तपासा. बासवाल्यांना, म्हणजे खालच्या आवाजाच्या पुरुषांना, मधल्या सी वरचे डी, ई स्पर्शापुरते जमतील. चार-चार मात्रा धरायचे असतील तर ते गप्प बसतील.

कीबोर्डवर सराव घेणाऱ्याने टेनरच्या ओळीची क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची स्वरांची जागा ठरवणारी खूण) नीट पाहावी. ट्रेबल क्लेफखाली बारीक ८ असेल तर लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजवायचं. हे चुकलं की टेनर बिचारे वर ओरडत बसतात.

मराठी शब्द मूळ इंग्रजी चालीवर बसवलेले असतील तर पहिलं कडवं टाळी देत नुसतं बोलून बघा. ‘कृपा’मधला ‘कृ’ लांब स्वरावर आणि ‘पा’ आखूड स्वरावर पडत असेल तर ते रूपांतर घाईचं आहे. दुसरं घ्या.

प्रतींबद्दल: भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. शब्द आणि मांडणी करणाऱ्याचेही हक्क वेगळे असतात. हक्क चालू असतील तर सोळा जणांसाठी सोळा प्रती विकत घ्यायच्या. ऑनलाइन घेतानाही किती प्रती छापायची परवानगी आहे ते पावतीवर बघून ठेवा.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. पियानोचे कोणते तुकडे घ्यावेत? बाईंनी ‘मिन्युएट इन जी’ सांगितलं, पण दुकानात दोन निघाले. – एक पालक, न्यू जर्सी

नावावरून तुकडा ओळखता येत नाही, हे याचं चांगलं उदाहरण. बाखच्या नावाने प्रसिद्ध असलेला मिन्युएट प्रत्यक्षात क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे; बाखच्या रचनांच्या यादीत तो बीडब्ल्यूव्ही अनुबंध ११४ या क्रमांकाने येतो. दुसरा बेथोवनचा, आणि तो जास्त अवघड. मुलीच्या वयाला बाईंनी बहुधा पहिलाच सांगितला असेल, तरी विचारून घ्या आणि पुढच्या वेळी क्रमांकच मागा.

६१ पट्ट्यांवर साधारणपणे सी पासून सी पर्यंत पाच सप्तकं असतात. बास स्टाफच्या (खालच्या स्वरांच्या पाच रेघांच्या) खाली दुसऱ्या जादा रेघेवरचा सी हा शेवटचा; त्याखाली काही लिहिलं असेल तर तो तुकडा सोडा. बाखच्या काळातलं संगीत हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्डसाठी लिहिलेलं, त्यांचा पल्ला लहान आणि पेडल नाही, म्हणून ते या कीबोर्डवर व्यवस्थित बसतं. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ तुकड्यांना पेडल लागतो. तो नसताना स्वर कोरडे तुटतात आणि मूल हात चुकतोय असं समजतं.

हाताचा ताण मोजा. सप्तकाच्या दोन टोकांच्या पट्ट्यांच्या मध्यांत साधारण साडेसोळा सेंटिमीटर अंतर असतं. टेबलावर मोजपट्टी ठेवून अंगठा आणि करंगळी ताणायला सांगा. तेवढं सहज पोचत नसेल तर एका हातात सप्तक एकदम दाबायला लावणारा तुकडा या वर्षी नको, कारण मनगट आखडून वाजवायची सवय लागते.

शेवटी पानासमोर बसवा. उजव्या हाताची पहिली आठ मापं (उभ्या रेघांमधले भाग) तिने संथपणे, फारसं न अडता वाचली तर निवड योग्य. प्रत्येक मापात थांबावं लागलं तर तुकडा पुढच्या वर्षाचा. ‘सोपी आवृत्ती’ घेताना डाव्या हाताची ओळ जरूर बघा. तिथे मापाला एकच लांब स्वर उरलेला असेल तर त्यातून शिकण्यासारखं फार थोडं आहे. ग्रेडच्या परीक्षेसाठी असेल तर त्या वर्षाची तुकड्यांची यादी आधी मिळवा, मग पुस्तक घ्या. याद्या बदलतात, आणि जुन्या वर्षाची पुस्तकं स्वस्तात मिळतात ती त्यामुळेच.

प्रश्न: इंटरनेटवरून उतरवलेलं नोटेशन बरोबर आहे हे कसं ओळखावं? – एक वाचक, लातूर

पहिल्या ओळीची मात्रा मोजा. दादऱ्यात सहा, रूपकात सात, केरव्यात आठ; विभागांच्या रेघाच नसतील तर ते नुसती आठवण ठेवण्यापुरतं टिपण आहे, त्यावरून शिकू नका. मग मूळ ध्वनिमुद्रण लावून फक्त शेवटचा स्वर पेटीवर जुळवा. नोटेशनमध्ये तिथे सा असेल आणि ऐकताना ओळ तिथे विसावत नसेल, तर लिहिणाऱ्याने सा चुकीच्या पट्टीवर धरला आहे आणि सबंध पानावरचे कोमल-तीव्र त्यामुळे बिघडले आहेत. असं पान दुरुस्त करत बसू नका, दुसरं शोधा. शेवट जुळला आणि मधला एखादाच स्वर खटकला, तर तो पेन्सिलीने बदलून वाजवायला घ्या.